बिनवायरचा माऊस
दिघ्यात शिवरामना आजही सगळे क्रेनवालेच म्हणतात. जवळच्याच एका कारखान्यात त्यांची सारी नोकरी छताखालच्या क्रेनच्या केबिनमध्ये गेली. टनावारी लोखंड ते असं अलगद उतरवायचे, की खाली ठेवलेल्या काडेपेटीलाही धक्का लागू नये. त्या कारखान्यात क्रेनवाल्यांनी आपला आपण एक दंडक घातला होता. हात थरथरला, की दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघायची नाही. आपणच शिडी उतरायची, आणि उतरलं की पुन्हा चढायचं नाही. कारण खाली माणसं असतात. शिवराम शेवटच्या दिवसापर्यंत वर राहिले, आणि हे त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं, की विषय निघाला की त्यांच्या पत्नी बायजाबाई भांडी घासायला उठायच्या.

मुलगा आकाश हाताचा कच्चा. त्याच्याकडून साधी कपबशी फुटली, तरी बाप चारचौघांत म्हणायचा, "याच्या हातात क्रेन दिली असती तर निम्मा कारखाना गाडला असता." आकाशही सगळ्यांबरोबर हसायचा. बापाला ते हसू खरंच वाटायचं.

घरात कॉम्प्युटर आला, बिनवायरचा माऊस आला, आणि शिवरामना पुन्हा क्रेन मिळाली. पत्त्यांचा डाव मांडून तासन्‌तास बसायचे. सून राजश्री बाळंतपणाला परभणीला माहेरी गेली होती. ती बाळ घेऊन आली की उंबऱ्यावरून आत मीच घेणार, असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. "आपल्या हाताची गॅरंटी हाय," म्हणायचे.

एका रविवारी कारखान्यातले जुने दोस्त आले. जयभीम झाला, चहा झाला, आणि शिवराम ऐटीत माऊस धरून बसले. पडद्यावरचा बाण पळाला. डावीकडे न्यावा तर उजवीकडे जाई. एक्का उचलावा, तर मध्येच हातातून निसटे. दोस्त आधी खो खो हसले. मग हसायचे थांबले, आणि तेच जास्त लागलं. एकाने पाठीवर हात ठेवला. "शिवा, चालायचंच. वय झालं."

स्वयंपाकघरात आकाश ओट्यावर दुसरा माऊस फिरवत होता. त्या माऊसचा सिग्नल पकडणारा नखाएवढा तुकडा त्याने सकाळीच कॉम्प्युटरच्या मागे खोचून ठेवला होता. एका बाणाला दोन धनी. पाहुणे गेले की सांगू, असं त्याने ठरवलं होतं म्हणे. पाहुणे गेले. बाप आपल्या पंज्याकडे बघत बसला होता. आकाशने तुकडा काढून खिशात टाकला आणि पोटभर जेवला. सांगायचं राहून गेलं, असं तो पुढे म्हणाला. राहून बिहून काही गेलं नव्हतं, त्याला ते गोड लागलं होतं.

शिवराम दंडकाला जागले. स्कूटरची चावी त्यांनी आपणहून आकाशला दिली. दाढी न्हाव्याकडे होऊ लागली. चहा बायजाबाई ओतून देऊ लागल्या. त्या डॉक्टरकडे चला म्हणाल्या, तर म्हणाले, "डॉक्टर काय येगळं सांगनार? मी बघितलं ना डोळ्यांनी." दिवसभर हाताकडे बघायचे, आणि बघता बघता हात खरोखरच कापू लागला.

राजश्री आली. उंबऱ्याबाहेर थांबून तिने दुपटं पुढे केलं. "घ्या बाबा, तुमची नात."

शिवराम भिंतीपर्यंत मागे सरले. "बायजे, तू घे."

तेव्हा कुठे आकाशचा चेहरा उतरला. तो आत धावला, दोन्ही माऊस घेऊन आला. "बाबा, मीच होतो तो! मस्करी केली मी. हे बघा ना, दोन हायेत. तुमचा हात एकदम ओके होता, आईशप्पथ!" त्याने तुकडे लावले, बाण पळवून दाखवला. राजश्री नवऱ्याकडे बघतच राहिली. बायजाबाईंनी त्याला कधी नव्हे ती शिवी हासडली.

शिवराम खुर्चीत बसले आणि आपला माऊस धरला. आकाशने स्वतःचा टेबलावर ठेवून हात वर केले. पडद्यावर बाण थरथरत होता.

"तवा तू हलवलास. मानलं," शिवराम म्हणाले. "आता कोन हलवतंय?"

आकाश रडायला लागला. राजश्री पुढे झाली. "बाबा, नुसतं मांडीवर ठेवते. मी धरते ना खालून."

"नको, पोरी. उतरलेला क्रेनवाला पुन्हा चढत नसतो," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून लांबूनच नातीकडे बघत राहिले.