देवीच्या वाट्याची पोळी

त्या मंगळवारी वनदेवीने आम्हा दोघा भावांना स्वतःहून बोलावून घेतले, असे माझे थोरले भाऊ अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी तेव्हा शेजारीच बसलेला असतो. बोलावणे माझ्या मोबाइलमधल्या नकाशाचे होते, आणि मंगळवार मी निवडला होता, कारण रविवारी रानात गर्दी असते.

वहिनी गेल्यापासून अण्णांनी बेळगावातल्या घराचा उंबरा फारसा ओलांडला नव्हता. खुर्ची, टीव्ही, साखरेचे इंजेक्शन आणि पुन्हा खुर्ची. त्यांना तिथून उठवायचे, एवढाच माझा हेतू होता. देवाधर्माशी माझा संबंध बेताचा. भक्ती ध्वनिक्षेपकावरून येऊ लागली की मी खिडकी लावून घेतो. पण झाडांवर माझी श्रद्धा आहे. गुंजी स्टेशनापासून जवळच, रानातून फिरून सुरुवातीच्याच जागी परत आणणारी आठ किलोमीटरची पायवाट आहे असे कळले, आणि मी पंधरा दिवस तयारीत घालवले. खानापूरला जाऊन वन खात्याची परवानगी आणली. वेळापत्रक टाइप केले: साडेसातला गुंजी, आठला रानाच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात पोहे, नऊला ओढा, साडेदहाला पठार. ‘निसर्ग पाहणे, दहा मिनिटे’ असाही एक रकाना होता. ओझे कमी असावे असे कुठेतरी वाचले होते, म्हणून पिशवीत फक्त पाणी. निघताना अण्णांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या सापडल्या. साखरेच्या माणसाला गोळ्या कशाला, म्हणून मी त्या काढून कपाटात ठेवल्या. अण्णांनी त्या काढू दिल्या. धाकट्या भावाच्या शिक्षणावर त्यांचा पहिल्यापासून भरवसा.

एवढ्या तयारीत एकच गोष्ट राहिली. गावातल्या कुणाला काही विचारले नाही. त्या गावाने पाच मंगळवार पाळले होते, आणि हा त्यांतलाच एक. वार पाळला की शेतात कुणी राबत नाही, रानात कुणी लाकडाला जात नाही, दुकान उघडत नाही. हॉटेलाला फळ्या लावलेल्या. गाव मागे दीड किलोमीटर राहिलेले, आणि अण्णा सकाळी इंजेक्शन घेऊन नुसत्या चहावर निघालेले. तिथेच परत फिरायला हवे होते. पण माझ्या वेळापत्रकात परत फिरण्याचा रकाना नव्हता, आणि नकाशात पुढे एक घर दिसत होते.

रान मात्र सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे. उंच झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, त्यांतून तिरपे येणारे ऊन, आणि कुणाला दाखवण्यासाठी नसलेली शांतता. ओढ्यापाशी अण्णा थांबले आणि म्हणाले, “लई दिवसांनी असं गार वाटलं रं.” मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यानंतर अर्ध्या तासाने नकाशातले घर आले. ती एक पडकी, रिकामी चौकी होती.

तिथेच अण्णांना घाम फुटला. हात थरथरू लागले. ते दगडावर बसले आणि अगदी सहज म्हणाले, “तिला सांग, च्या टाक म्हणावं.” वहिनीला जाऊन वर्ष झाले होते. साखर उतरली आहे हे मला कळले, आणि त्या गोळ्या कशासाठी होत्या तेही कळले. मोबाइलला रेंज नव्हती. अण्णांना सोडून धावत जावे तर परत येईपर्यंत काय होईल, याचा हिशेब मला करवेना. मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला ते न ठरवता, हात जोडले.

पायवाटेने एक म्हातारी आली. अनवाणी, डोक्यावर फडक्याने झाकलेली दुरडी, हातात पाण्याचा तांब्या. मी हाका मारल्या. ती बोलली नाही. पाळलेल्या वारी देवीचा नैवेद्य मुक्याने न्यायचा असतो, वाटेत शब्द काढायचा नाही, हे मला नंतर समजले. ती जवळ आली, तिने अण्णांकडे पाहिले, आणि दुरडी खाली ठेवली.

“साखरेचं हाय व्हय?”

“व्हय.”

“आमच्या मालकास्नी बी हाय.” एवढे बोलून तिने गुळाचा खडा तांब्यात कुस्करला आणि ते पाणी घोट घोट करून त्यांना पाजले. मग पुरणपोळीचा तुकडा मोडला. माझ्यातला अडाणी पंडित अशा वेळीही जागा होता. मी म्हणालो, “आक्का, देवीचा नैवेद्य हाय न्हवं?”

“देवी कुठं पळतीया? बसलीया तिथंच. हे पावणंच निघालं हुतं वर.”

पंधरा-वीस मिनिटांनी अण्णांची नजर ताळ्यावर आली. त्यांनी तिसरी पोळी संपवली आणि ते म्हणाले, “वेलदोडा जरा जास्त झालाय.”

“देवी कधी नावं ठेवत न्हाय,” म्हातारी म्हणाली.

आम्ही तिच्या मागून देवराईत गेलो. ना संगमरवर, ना देणगीदारांची पाटी, ना रांग. एका जुन्या झाडाच्या मुळाशी शेंदूर लावलेला दगड. तिने उरलेली अर्धी पोळी त्याच्यापुढे ठेवली, “ऱ्हायलंय त्येवढं गोड मानून घे,” म्हणाली, आणि नमस्कार करून उठली. इतकी सरळ प्रार्थना मी कुठल्याही गाभाऱ्यात ऐकलेली नाही. मीही वाकलो. आमच्याखेरीज कुणी पाहत नव्हते, म्हणून नव्हे; पाहत असते तरी वाकलो असतो. नंतर तिने आम्हाला जवळच्या वाटेने स्टेशनापर्यंत आणून सोडले. नाव विचारले तर हसली.

तो चमत्कार होता का, यावर मी वाद घालत नाही. ती दर पाळलेल्या मंगळवारी त्याच वाटेने, त्याच वेळी जाते. पण आपण आखलेले सगळे संपल्यावर जे उरते, ते कुणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत येते, आणि ते घेण्यासाठी हात मोकळे असावे लागतात, एवढे मला त्या दगडापाशी उमजले. त्या आक्काचे आणि तिच्या देवीचे ऋण मी मानतो.

संध्याकाळी घरी येऊन अण्णांची साखर मोजली. तीनशे बारा होती.