चिनी सुपातलं बियाणं

क्योतोच्या कडेला आम्ही भाड्याने राहतो त्या घराची मालकीण शेजारीच राहते. एकटी, ऐंशी ओलांडलेली आणि तोंडाने तिखट. घरामागे तिचं भाताचं खाचर. सासूपासून चालत आलेलं बियाणं ती दर वर्षी राखून ठेवायची; ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात ऊन असं तापलं की लोंब्या वाकल्याच नाहीत, ताठ उभ्या राहिल्या. दाणा भरला नाही की लोंबी अशीच मिजास दाखवते.

भात झोडून झालं आणि टोकियोजवळच्या उरायासुहून तिचा मुलगा आला. त्याला खाचर बुजवायचं होतं, आईला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. भिंतीपलीकडून माझ्या कानावर आलं. खोटं कशाला बोलू, कान लावूनच ऐकलं. शेवटी तिनेच अट घातली. बियाण्याचं लाकडी माप भरलं तर पुढच्या वर्षी लावणी. नाही भरलं तर तो म्हणेल तिथे जाईन.

तिचे खांदे गेलेले, म्हणून वारं घालायला मला बोलावलं. पडवीत लाकडी पेटीसारखं यंत्र. इथे त्याला तोमी म्हणतात, म्हणजे चिनी सूप. वरून भात सोडायचं, दांडा फिरवायचा. आतली पाती वारा घालतात, जड दाणा खाली मापात, फोल तोंडातून बाहेर. माझ्या माहेरी उफणायला तिवईवर चढून वाऱ्याची वाट बघत राहायचे. चिनी माणसाने तो वारा दोन हजार वर्षांपूर्वीच पेटीत कोंडला. मला त्याचं फार कौतुक होतं. त्या दिवशी मात्र रागच आला. तिवईवर असते तर म्हणता आलं असतं, आज वारा पडलाय, उद्या बघू.

तोंडातून फोलाचा धुरळा उडत होता आणि मापात दाणे तुरळक पडत होते. मी हात सैल सोडला. वारा मंदावला, तसे पोकळ दाणेही मापात पडायला लागले आणि माप भराभर चढलं. शेजारी उभ्या मुलाला त्यातलं काही कळत नव्हतं.

"वारा कमी झाला," म्हातारी म्हणाली.

"हात दुखतोय, आजी."

"खोटं बोलू नकोस. फोल पेरून काय उगवणार? ते पुन्हा वर ओत आणि नीट फिरव."

मी ओतलं. फिरवलं. माप निम्मंही भरलं नाही. मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला.

तिने ते चांगले दाणे उखळात टाकले आणि मुसळ माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला. आमच्याकडे माणसं उपाशी राहतील, पण बियाणं शिजवणार नाहीत.

"आजी, हे बी आहे."

"पेरणार कोण?"

मी कांडलं. दुपारी तिघं जेवायला बसलो. तिने आधी मुलाला वाढलं.

"गोड आहे," तो म्हणाला.

मी शितन् शित संपवलं. ते भात आता जगात कुठेही नाही.