क्लिफर्डने साफ केलेली शेगडी

इंग्लंडमधल्या हल शहरात क्लिफर्ड ऑक्स्टबीच्या हाताला गुण आहे असं मानणारा एकच माणूस होता, तो म्हणजे स्वतः क्लिफर्ड. बस डेपोत अडतीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता आणि इंजिनापुरतं ते खरंही होतं. पण गडी इंजिनापाशी थांबेल तर ना!

आई वारल्यावर तिचं छोटं घर त्याच्याकडे आलं. ते त्याने कॉरिनला भाड्याने दिलं. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि सहा वर्षांच्या टिली या लेकीला घेऊन राहायची. दर ऑक्टोबरात क्लिफर्ड ब्रश घेऊन तिथे हजर. बैठकीत धुराड्याखाली बसवलेली, खोली गरम करायची गॅसची शेगडी खोलायची, झटकायची, पेटवून दाखवायची आणि चहा पिऊन घरी यायचं. घरमालकाने दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून गॅसची तपासणी करून घ्यावी आणि दाखल्याची प्रत भाडेकरूला द्यावी, हा कायदा त्याला पाठ होता. पण तो उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मालकांसाठी आहे, असं त्याचं ठाम मत होतं.

तीन वर्षं असंच चाललं. मग एके दिवशी त्याची बायको नोरीन त्या घराच्या विम्याचा कागद भरायला बसली.

"गॅसच्या दाखल्याची तारीख काय लिहू?"

"लिही काहीतरी. शेगडी मी स्वतः बघितलीय."

"डेपोत बसची तपासणी असायची, तेव्हा साहेबांना असंच सांगायचास का रे? तिथे लहान पोर राहतं, क्लिफ!"

क्लिफर्डने कुरकुरत कॉरिनला तपासणीबद्दल रीतसर लेखी कळवलं आणि शनिवारी सकाळी टॅम्सिन नावाच्या तंत्रज्ञ मुलीला घेऊन गेला. पोरगी त्याच्या नातीच्या वयाची. ही काय शिकवणार आपल्याला, असा त्याचा चेहरा.

टॅम्सिनने शेगडी पेटवली आणि थोड्या वेळाने तपासणीची धूर सोडणारी काडी शेगडीच्या तोंडाशी धरली. धूर धुराड्यातून वर जायला हवा होता. तो जरासा वर गेला, घुटमळला आणि गिरकी घेऊन थेट क्लिफर्डच्या तोंडावर आला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिने गॅस बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, शेगडी ओढून काढली आणि धुराड्यात काठी घातली. वरून काटक्या, लोकर, चिप्सचं पाकीट असा ढीगच कोसळला.

"कावळ्यांचं घरटं. दोन-तीन वर्षांचं तरी असेल."

"पण मी दरवर्षी साफ करतो!"

"खालून करता. वर कधी पाहिलंत?" ती शांतपणे म्हणाली. "यातला विषारी वायू खोलीतच राहतो, मिस्टर ऑक्स्टबी. ना रंग, ना वास. माणसाला नुसती झोप लागते."

क्लिफर्ड सोफ्यावर बसला. समोर गालिच्यावर टिली चित्र रंगवत होती. तीन हिवाळे! आणि दरवर्षी ही शेगडी आपल्याच हाताने पेटवून देऊन आपण बिस्किटं खाऊन गेलो.

"कॉरिन," त्याने विचारलं, "रोज किती वेळ लावतेस गं ही?"

कॉरिन लाल झाली. "रागावणार नाही ना?"

"बोल, पोरी."

"एकदाही नाही लावली."

"काय?"

"पहिल्या वर्षी तुम्ही पेटवून दाखवलीत, तेव्हा भक्कन जाळ झाला आणि तुमची भुवई जळाली. वर म्हणालात, 'चालायचंच!' तेव्हापासून दरवर्षी तुम्ही गेल्या गेल्या मी गॅसची कळ बंद करते. आम्ही विजेचा हीटर लावतो."

"मग 'मस्त ऊब येते' म्हणायचीस ते?"

"तुमचं मन कसं मोडायचं?"

टॅम्सिनने घाईघाईने हत्यारांच्या पिशवीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. एरवी क्लिफर्डने हा अपमान महिनाभर उगाळला असता. आज त्याचा जीव भांड्यात पडला होता. तो आधी हसला आणि मग रुमाल काढून खुशाल रडला. आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नाही याचा एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

टॅम्सिनने गॅसची नळी तोडून टोक बंद केलं, शेगडीवर 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी लावली आणि वायूची चाहूल देणारा भोंगा बसवला.

"यापुढे माझ्या कामाची भीती वाटली तर तोंडावर सांगायचं," क्लिफर्डने कॉरिनला बजावलं. "माझं मन मोडलं तरी चालेल."

"खरंच सांगू?" कॉरिन चाचरत म्हणाली. "जिन्यातलं दिव्याचं बटण तुम्ही बसवलंय ना, ते दाबलं की हाताला झिणझिण्या येतात."

क्लिफर्ड सवयीने उठला, जिन्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला. मग त्याने घरी फोन लावला.

"नोरीन, परवाना असलेला वायरमन शोध. आजच."

"क्लिफ," नोरीनने काळजीने विचारलं, "तू बरा आहेस ना?"