दाजींची हजेरी

गेल्या महिन्यात भल्या सकाळी अंथुर्ण्याहून आक्काचा फोन आला. "ह्यांनी आज हजेरी दिली न्हाय गं..." एवढंच बोलली आणि थांबली. मला पुढं काही विचारावं लागलं नाही. माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, झोपेतच गेले होते. ना दुखणं, ना अंथरुणाला खिळणं. त्यांना हवं तसंच झालं, म्हणून रडतानाही मी आतून शांत होते.

ही हजेरी कसली, ते सांगायचं तर माझ्या लग्नापर्यंत मागं जावं लागेल. आम्हा दोघी बहिणींना भाऊ नाही. लग्नानंतर नवरीला पहिल्यांदा माहेरी आणायला मुराळी जातो, तो मान भावाचा. दाजींनी तो कुणी न देताच घेऊन टाकला. "मुराळी म्हणून मीच जानार. दुसरं कुनी निघालं तर याद राखा!" हळदीच्या दिवशी हा माणूस सकाळपासून राबत होता. मांडव, पाणी, पंगती... सगळीकडं हेच. शेवटच्या पंगतीला पाहुण्यांनी जिलबीची पैज लावली. दाजींना गोडाचा भारी नाद, त्यांना तेवढं निमित्त पुरलं. परात रिकामी झाली, शिट्ट्या झाल्या आणि दाजी ढेकर देत झोपायला गेले.

सकाळी त्यांना उठताच येईना. बोलणं नीट, शुद्ध नीट, पण पाय जागचे हलेनात. "लकवा मारला," कुणीतरी म्हणालं. अंगात ताकद यावी म्हणून तात्या, आमचे वडील, त्यांना गुळाचं पाणी पाजू लागले. पेल्यामागून पेला. थोड्या वेळानं दाजींचे हातही उचलेनात, तसा तात्यांनी आणखी गूळ फोडला. आक्का तेव्हा पोटुशी होती. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मीही तिच्याबरोबर जीपमध्ये चढले. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडू नये, असं आई मागून ओरडत होती. "उंबरा काय पळून जात न्हाय," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

बारामतीच्या दवाखान्यात सगळे माझ्याकडंच बघत होते, पेशंट कोण तेच कळेना त्यांना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. काल काय काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. दाजींनी आधी आक्काकडं पाहिलं आणि मग म्हणाले, "जिलबी... थोडीशी." "परातभर," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. रक्त तपासलं, छातीला वायरी लावल्या आणि मग त्यांनी आम्हाला समजावलं, "हा लकवा नाही. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय, त्यामुळं स्नायू चालत नाहीत. काहींच्या शरीराची ठेवणच अशी असते. खूप राबून वर भरपूर गोड खाल्लं की असं होतं. आता गोड अजिबात देऊ नका, त्यानं ते आणखी उतरतं." तात्यांनी हातातली गुळपाण्याची बाटली हळूच पिशवीत सारली. बिचारे! जावयावर एवढी माया केली आणि ती अशी उलटली.

सलाईनमधून पोटॅशियम सुरू झालं. लग्न संध्याकाळचं होतं. दाजी म्हणत होते, "तू जा. माझ्यापायी लगीन थांबवू नगं." मी म्हटलं, "तुमचा अंगठा हलल्याबिगर मी जात न्हाय." आणि पायथ्याशी बसून राहिले. आक्का त्यांचा हात धरून, मी त्यांचा पाय बघत. ऊन उतरायला लागलं. वरबापाचा धाकटा भाऊ दवाखान्यात फोन करून करून थकला. आणि मग डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला. "हाय का?" दाजींनी घाबरत विचारलं. "हाय!" मी ओरडले. आक्का सकाळपासून पहिल्यांदा रडली. हळद पुसट झालेली, साडी चुरगळलेली, अशीच मी बोहल्यावर गेले. माझ्याइतकी आनंदी नवरी त्या दिवशी तालुक्यात नसेल.

आणि नरसिंहपूरला मला न्यायला मुराळी आला तो आपल्या पायांनी चालत. सासूबाईंनी हौसेनं पुरणपोळी वाढली. दाजींनी एक मोडली आणि ताटावर हात आडवा धरला. पाहुणे रुसले, असं वाटून सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "रुसलो न्हाय हो," दाजी म्हणाले, "गोडानं एकदा आडवा केलाय मला."

त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडले की दाजी आधी गोधडीतच पायाचे अंगठे हलवून बघायचे आणि स्वयंपाकघराकडं हाक मारायचे, "हायेत गं!" आतून आक्काचं ठरलेलं उत्तर यायचं, "मग उठा की, च्या गार हुतोय." औषध आणि पथ्य सांभाळलं, तो प्रकार पुन्हा कधी झाला नाही. पण हजेरी चुकली नाही. लेकींची लग्नं झाली, नातवंडं झाली, तीही आजोबांबरोबर गोधडीत अंगठे हलवायला शिकली.

परवा आक्काकडं मुक्कामाला गेले होते. तिनं मला दाजींच्याच खाटेवर अंथरूण घातलं. सकाळी जाग आली तेव्हा आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला. दारातून दिसलं, आक्का चुलीपुढं नुसती उभी होती, कान या खोलीकडं लावून... तिचं तिलाही कळत नसावं. मी गोधडीत अंगठे हलवले.

"हायेत गं, आक्के!"

आत कपबशी वाजली.

"मग ऊठ की," आक्का म्हणाली, "च्या गार हुतोय."