मलप्पाने मारलेली हाक

मी शाळेत गणित शिकवते. सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मी गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून आत सटकते. इथले ‘अमानवीय’, भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर कीस काढायलाच... दार वाऱ्याने वाजलं असेल, माणूस अर्धवट झोपेत असेल, वगैरे. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय म्हटल्यावर नवरा सकाळपासून खुदुखुदु हसतोय. हसू दे. या सगळ्यात तोंड त्याचंच वापरलं गेलंय.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. दर रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या हॉलमध्ये आम्ही चारजण एक खेळ खेळायला जमतो. मोबाईलवरचा नव्हे — कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि तोंडाची बडबड, एवढंच सामान. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. ‘समोर नदी आहे, काय करता?’ असं मी विचारणार, ते सांगणार, फासा पडणार, गोष्ट पुढे जाणार. गोष्ट सांगायचं काम माझं, कारण मला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही — हे प्रसादचं, म्हणजे नवऱ्याचं मत.

बाकीच्या दोघांत एक तबस्सुम, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचं औषधांचं दुकान आहे. आणि दुसरे श्रीनिवासभाऊ. वय पंचेचाळीसच्या पुढे, अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, घरात तेलुगू. त्यांची मुलगी लावण्या माझी विद्यार्थिनी. हा खेळ शाळेत तिनेच आणला. ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिच्याकडे राहिलेले शाळेचे फासे परत द्यायला भाऊ आले, चहा होईपर्यंत बसले, आणि मग दर रविवारी यायला लागले. मला ते आजही ‘टीचर’च म्हणतात.

या खेळाची एक गंमत आहे. प्रत्येकजण ठरवून आपल्यापेक्षा वेगळं पात्र लिहितो, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत त्यातून तोच डोकं वर काढतो. तबस्सुमने चोर लिहिली, बिजली नावाची. आता ही बिजली चोरी करायच्या आधी विचारते, ‘या घरात कुणी आजारी तर नाही ना?’ प्रसादचा रणधीर म्हणजे कागदावर भलता शूर. पण तलवार उपसायच्या आधी दरवेळी म्हणणार, ‘एकदा बोलून बघू का?’ मूळ स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

श्रीनिवासभाऊंनी मात्र लपवाछपवी केलीच नाही. त्यांनी हमाल लिहिला. नाव मलप्पा. सगळ्यांचं ओझं पाठीवर घेऊन सगळ्यांत मागे चालणारा. आमच्याकडे प्रत्येक कागदावर शेवटी एक रकाना असतो — ‘हे पात्र काय कधीच करणार नाही?’ त्यात भाऊंनी लिहिलं होतं, ‘मदत मागणार नाही.’

ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. पद्मावहिनी, त्यांच्या मिसेस, गेल्या त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांचं दुखणं सहा महिने चाललं, आणि आम्हाला कळलं शेवटच्या आठवड्यात. मी रागावून विचारलं होतं, एका शब्दाने सांगायचं तर होतंत! तर म्हणाले, “तुमाला कशाला तरास, टीचर.”

तर, गेल्या मे महिन्यातली गोष्ट.

रविवार. बाहेर त्रेचाळीसच्या आसपास. बारा वाजता भाऊंचा ग्रुपवर मेसेज — ‘आज जमत नाय. माल लावायचा हाय. मलप्पाला घ्या खेळायला.’

यात नवीन काही नव्हतं. कुणी आलं नाही तरी त्याच्या पात्राला आम्ही वगळत नाही. त्याचा कागद त्याच्या खुर्चीवर ठेवायचा, आणि त्याची पाळी आली की उजवीकडच्याने तो बघून त्याच्यावतीने बोलायचं. बाकीच्यांनी फक्त एवढंच तपासायचं, की तो असता तर असंच वागला असता का? त्या दिवशी उजवीकडे प्रसाद होता.

गोष्टीत आम्ही एका किल्ल्याखालच्या भुयारात होतो. कमरेएवढं पाणी, पुढे एक दगडी दार. ते उचलायला पुढे कोण जाणार?

“मलप्पा जाईल की,” तबस्सुम म्हणाली. “विचारायचं काय त्यात?”

मीही मान हलवली. प्रसादने फासा टाकला. एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट. यात अमानवीय काही नाही, वीस वेळा टाकला तर सरासरी एकदा एक पडणारच. मी सांगितलं की दार निसटून खाली आलं आणि मलप्पा पलीकडे एकटाच राहिला. काय करतो तो?

प्रसादने कागद उचलला, खाली बघितलं, आणि वाचल्यासारखं म्हणाला, “टीचर, पाय अडकलाय. पाणी द्या.”

तबस्सुम हसली. “अरे बाबा, कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, आणि पाणी काय मागतो?”

मी नाही हसले. प्रसाद मला टीचर म्हणत नाही. चेष्टेतही नाही. आणि भुयारातल्या मलप्पाला कुठली आलीय टीचर? खेळताना आम्ही खरी नावं घेतच नाही, तो आमचा नियम आहे.

“असं का म्हणालास?” मी विचारलं.

“इथे लिहिलंय ना.” त्याने कागद पुढे केला. मग स्वतःच परत बघितला. उलटून बघितला. “खाली होतं... पेन्सिलने...”

खाली काही नव्हतं. शेवटचा तो रकाना, आणि त्याच्याखाली कोरी जागा.

मी सरळ श्रीनिवासभाऊंना फोन लावला. बरीच रिंग गेल्यावर उचलला.

“काय टीचर?”

“कुठे आहात?”

“गोदामात हाय की. का वो?”

“बरे आहात ना?”

“मला काय धाड भरली? खेळा तुमी. मलप्पाला सांभाळा.”

आवाज नेहमीचा. थोडा जड वाटला, पण त्या उकाड्यात सगळ्यांचेच आवाज जड होते. मला माझीच लाज वाटली. अमानवीय किस्से वाचून वाचून मास्तरीण बिघडली, असं प्रसाद म्हणाला आणि सरबत करायला उठला. मीही पुन्हा गोष्ट सुरू केली, कारण बरं वाटलं होतं — खोटं कशाला बोलू.

वीसेक मिनिटं गेली असतील. बिजलीची पाळी झाली, रणधीरची झाली. मी मलप्पाचं नाव घेतलं. प्रसादने कागद हातात घेतला. या वेळी माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यावरच होतं. तो चष्मा सावरून वाचत होता, बिल वाचतो ना माणूस, तसा. डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेले.

“टीचर, तो खोटं बोलला.”

 मग तबस्सुम उठली, पर्स घेतली आणि म्हणाली, “चल. गाडी काढा, प्रसादभाई.”

वाटेत मी चारदा फोन लावला. रिंग वाजत राहिली. आमच्या घरापासून कारखाना म्हणजे शहराचं दुसरं टोक. तो रस्ता मी कसा काढला ते मलाच माहीत. सारखं एकच डोक्यात — वहिनींच्या वेळी उशिरा कळलं, आता पुन्हा तेच. आणि लावण्याला काय तोंड दाखवू?

कारखान्याला सुट्टी होती. माग बंद, शटर अर्धं खाली. शेजारच्या शेडचे राखणदार मामा बाजेवर बसले होते. ते म्हणाले, “शेठ आतच हायत की. दुपारच्यालाच आले.”

मागे पत्र्याचं गोदाम. दार लोटलं तर तव्यावर तोंड धरल्यासारखी गरम हवा आली. सुताच्या पोत्यांची उंच थप्पी कोसळली होती. तिच्यासोबत लोखंडी शिडी आडवी झाली होती, आणि शिडी नि पोत्यांच्या मधे श्रीनिवासभाऊंचा डावा पाय होता. ते भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तरी ओळख नाही. अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

फोन त्यांच्या हातात होता. चालू. त्यावर माझे चार मिस्ड कॉल.

मामा आणि प्रसादने पोती ओढली. तबस्सुमने हौदात टॉवेल बुडवून बुडवून त्यांच्या मानेवर, काखेत, छातीवर टाकायला सुरुवात केली. टॉवेलच्या कारखान्यात टॉवेल शोधायला लागले नाहीत, तेवढीच देवाची कृपा. हो, देवाची. त्या क्षणी मी तेच म्हणाले, लिहायला लाजत नाही.

मामा पोती ओढता ओढता सारखं तेच म्हणत होते, “आवाज तर कायच आला न्हाई वो, ताई. मी हितंच बसलोय की. एक हाक मारली असती तरी आलो असतो.”

भाऊ वाचले. घोट्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. किडन्यांवर ताण आला होता म्हणून आठवडाभर धाकधूक होती. आता काठी घेऊन चालतात. पाय अडकला तो दोनच्या सुमारास. म्हणजे चार वाजता त्यांनी माझा फोन उचलला आणि ‘मला काय धाड भरली’ म्हणाले, तेव्हा दोन तास ते तसेच बसून होते.

आता स्पष्टीकरणं. मी सगळी करून बघितली. प्रसादने मस्करी केली? त्याला एप्रिल फूलसुद्धा तोंड सरळ ठेवून करता येत नाही. बारा वाजताच्या मेसेजवरून त्याच्या मनाने काही ताडलं? त्या मेसेजमध्ये ताडण्यासारखं काय होतं, आणि तेव्हा तर पोतीही पडली नव्हती. भाऊंनीच पूर्वी कधी काही लिहून खोडलं असेल, म्हणून मी तो कागद खिडकीत तिरका धरून, भिंग घेऊन बघितला. खाली पेन्सिल टेकल्याची खूणसुद्धा नाही. प्रसाद आजही म्हणतो, “मी बोललो नाही गं. मी वाचलं.”

तबस्सुमचं म्हणणं साधं होतं. भाऊंनी मनात आपल्याला हाक मारली असेल, जीव तळमळला की असं कधीकधी पोचतं. मला ते पटत नव्हतं, पण त्यातल्या त्यात बरं वाटत होतं. म्हणून एक दिवस मी त्यांना विचारलंच.

ते घरी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. लावण्या आत कॉफी करत होती. मी त्यांना सगळं सांगितलं, कागदावरचं, प्रसादचं, ‘टीचर, तो खोटं बोलला’ हेसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे मनात तरी आमची आठवण काढली होतीत ना, भाऊ?”

त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं. मग आत लावण्याचा कानोसा घेऊन हळू आवाजात म्हणाले, “तुमाला खोटं न्हाय सांगणार, टीचर. पयला अर्धा तास मी पाय वडून बघितला. मग सोडला. म्हटलं, आता झालं. लई शांत वाटाय लागलं वो. पद्मा गेल्यापासनं येवढं शांत कदीच न्हाय वाटलं. तवाच तुमचा फोन आला.”

“आणि तुम्ही बरा आहे म्हणालात.”

“तुमी येऊ नये म्हणून.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला.

“मी मनातबी हाक मारली न्हाय, टीचर,” ते म्हणाले. “मारणारबी नव्हतो. तुमी दार उघडलं तवा मला कळत नव्हतं, पण दवाखान्यात शुद्ध आली ना, तवा ज्यानं कुणी तुमाला बोलावलं त्याचा लई राग आला होता मला.”

तेवढ्यात लावण्या कॉफी घेऊन बाहेर आली. बाबांच्या पायावरची चादर तिने सारखी केली आणि त्यांच्या खुर्चीला टेकून खालीच बसली. भाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी इथे उत्तर द्यायला आलेले नाही, माझ्याकडे ते नाही. आपण कागदावर आपल्यालाच लिहितो असं मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते. मग जी हाक त्या माणसाच्या मनातच नव्हती, ती त्याच्या मलप्पाकडे कुठून आली, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी शिकायला तयार आहे.

त्या दिवशी निघताना जिन्यापर्यंत आले ते, काठी टेकत. नको म्हटलं तरी आले. मी दोन पायऱ्या उतरले, आणि मागून आवाज आला.

“टीचर... जरा हात द्या. मला परत आत जायला जमंना.”