डावीकडचा आवाज

पलंगाखालच्या पेटीत अजूनही त्या सगळ्या वायरी आहेत. जाड, बारीक, गुंडाळलेल्या, टोकं सोललेल्या. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी बाहेर येते, मी तिच्याकडे बघतो आणि पुन्हा आत ढकलतो. फेकवत नाही आणि कुणाला द्यावीशीही वाटत नाही. त्या वायरींच्या मागे माझी दोन-अडीच वर्षं गेली. आता नुसती आठवण काढली तरी दमायला होतं.

मी बँकेतून निवृत्त झालो होतो. जबलपूरला विजय नगरच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत नोकरीच्या काळात हौसेनं घेतलेला स्टिरिओ आहे. रेकॉर्ड फिरवणारं टर्नटेबल, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. संध्याकाळी चहा झाला की बायको आणि मी दोन वेताच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसायचो आणि एक रेकॉर्ड ऐकायचो. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून आमच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. भाजी आणली का, गॅस संपला, चलो, झोपा आता. ती एक रेकॉर्ड मात्र चुकत नसे. खरं सांगायचं तर आमच्या संसारात दोघांचं असं तेवढंच शिल्लक होतं.

बायको लग्नाआधी अमरावतीला सात वर्षं गाणं शिकलेली. घरात हौस माझी आणि कान तिचा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. म्हणून एका संध्याकाळी ती रेकॉर्ड अर्ध्यावर सोडून उठली तेव्हा मी दचकलो.

"काय झालं?"

"काही नाही. डावीकडून आवाज दबलेला येऊन राहिला. पहिल्यासारखं नाही वाटत."

दुसऱ्या दिवशी ती बसलीच नाही, तिला डाळ निवडायची होती. तिसऱ्या दिवशी कपडे घड्या करायचे होते. मी एकटाच बसलो आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिलो. मला भीती वाटली. हेही गेलं तर पुढची वीस वर्षं आम्ही एकमेकांशी करायचं काय, असं मनात आलं.

मला स्वतःला डावीकडून काही दबलेलं ऐकू येत नव्हतं. पण माझ्या कानावर कोण विश्वास ठेवणार? कान तिचा. मी कामाला लागलो.

नेपियर टाउनमधल्या दुकानदाराकडे गेलो. त्यानं माझ्या वायरीचा तुकडा दोन बोटांत धरला आणि मेलेलं झुरळ धरल्यासारखं तोंड केलं. "भाईसाहब, ये बल्ब वाली तार है. इससे गाना थोड़ी सुनते हैं." त्यानं शुद्ध तांब्याची जाड वायर दिली, दोन्ही स्पीकरना सारख्या लांबीची घ्यायची हेही बजावलं. मी ती लावली आणि बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. ती ऐकत बसली. रेकॉर्ड संपल्यावर मी हातात पक्कड घेऊन तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"कसं वाटतं?"

तिनं डोळे मिटून विचार केला. "थोडं उघडलं. पण डावीकडे अजून दबलेलंच आहे."

झालं. मला दिशा मिळाली. माणसाला निवृत्तीनंतर कामाची दिशा मिळणं किती धोक्याचं असतं ते मी तुम्हाला सांगू शकतो.

फोनवर स्टिरिओवाल्यांचा एक ग्रुप आहे. सगळे माझ्याच वयाचे आणि सगळे माझ्यापेक्षा हुशार. कुणी सांगितलं, विजेची वायर आणि आवाजाची वायर एकत्र बांधू नका, त्यानं गुणगुण येते. मी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचं ते जाळं अख्खा दिवस बसून सोडवलं. गुणगुण खरंच गेली, ते मान्य करायला पाहिजे. कुणी सांगितलं, दोन्ही स्पीकर एकमेकांच्या जागी ठेवून बघा. ठेवले. ती म्हणाली, डावीकडेच दबलेलं आहे. म्हणजे दोष स्पीकरचा नाही. वायरी बदलून बघितल्या, तरी डावीकडेच. म्हणजे दोष वायरींचाही नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू इकडची तिकडे करून बघितली. आमच्या खुर्च्या तेवढ्या कधी हलवल्या नाहीत. ती उजवीकडच्या खुर्चीवर आणि मी तिच्या डाव्या हाताला, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं.

आणि गंमत म्हणजे, रोज तेच ऐकून ऐकून मलाही डावीकडून दबलेलं ऐकू यायला लागलं.

मग राहिली थरथर. स्पीकर वाजले की फरशी थरथरते, ती थरथर टेबलातून टर्नटेबलला आणि तिथून सुईला पोचते आणि आवाज गढूळ होतो. त्यावर उपाय म्हणजे टर्नटेबलखाली जड दगड आणि दगडाखाली मऊ रबर. जबलपुरात दगडाला काय तोटा? मी स्कूटरवरून भेडाघाटला गेलो आणि संगमरवराची एक लादी घेऊन आलो. घरी येऊन तिच्यावर टिचकी मारली तर ती थाळीसारखी टणटणली. ग्रुपवर सगळे हसले. वाजणारा दगड चालत नाही म्हणाले, मुका दगड पाहिजे.

मुका दगड आमच्या घरात एकच होता. आईचा काळा पाटा. आई तो अमरावतीहून ट्रकमधून आणताना स्वतः त्याच्याजवळ बसली होती. आई गेल्यावर तो बायकोकडे आला. चटणी आणि ठेचा ती त्याच्यावरच वाटायची. मिक्सरमध्ये मिरची चिडते म्हणायची. त्या पाट्यावर टिचकी मारली तर नुसतं ठक. मी भीत भीत विचारलं.

"घ्या," ती म्हणाली. "मी मिक्सर वापरीन."

एवढ्या सहज! मला गहिवरून आलं. आमच्या त्या तासासाठी तिनं पाटा दिला, असं मी समजलो. पाट्याला खालून तीन रबरी पाय चिकटवले, तेही असे पक्के की भूकंप झाला तरी सुटू नयेत. त्यावर टर्नटेबल ठेवलं.

त्यानंतर मिक्सर सुरू झाला. माझ्या डोक्यात त्याची घरघर जायची आणि ती शांतपणे झाकणावर हात ठेवून उभी असायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला ती चुकू लागली, वरण करपलं तर मीच तोंड वाकडं केलं. गाणं चालू असताना मी शेजारून काही बोललो तर ती उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, किती तल्लीन झाली आहे. मी तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासल्या, एक खोटी सही माझ्या नजरेतून सुटली नाही. आणि घरात हे सगळं डोळ्यांसमोर चालू असताना मी वायरी सोलत होतो.

रोजचा प्रश्न मात्र चुकत नव्हता. रेकॉर्ड संपली की मी तिच्यासमोर उभा. कसं वाटतं? आणि ती रोज नीट विचार करून उत्तर द्यायची. कालपेक्षा बरं आहे. पेटी साफ येऊन राहिली, तबला अजून नाही. डावीकडे थोडं आहेच. मी दमलो होतो. पाठ धरली होती, फरशीवर बसलं की उठवत नव्हतं, ग्रुप सोडून द्यावासा वाटत होता. पण ती खुर्चीत येऊन बसत होती, तेवढ्यासाठी मी चालू ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात एकदा स्पीकर पुसायला म्हणून मी मागे गेलो. बहुतेक तेव्हाच डाव्या स्पीकरची वायर निघाली. माझ्या लक्षात आलं नाही. तिनं रेकॉर्ड लावली आणि मी चहाचे कप ठेवायला आत गेलो. परत येऊन खुर्चीत बसलो तर माझ्या बाजूला काहीच नाही. डावा स्पीकर ठार मुका. मी वाकून बघितलं, वायर जमिनीवर पडली होती. बायको डोळे मिटून ऐकत होती, बोटानं मांडीवर ताल धरला होता. रेकॉर्ड संपेपर्यंत थांबलो आणि नेहमीसारखी पक्कड हातात घेऊन समोर गेलो.

"कसं वाटतं?"

"आज थोडं उघडलं," ती म्हणाली. "डावीकडे अजून जरा दबलेलं आहे, पण कालपेक्षा बरं."

"डावा स्पीकर बंद आहे. वायर निघाली आहे त्याची."

तिनं स्पीकरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अच्छा," ती म्हणाली.

मी तिच्या डाव्या कानाशी जाऊन हळूच हाक मारली. ती समोरच बघत राहिली.

मग कळलं ते असं. वर्षभरापूर्वी शेजारच्या वहिनींबरोबर ब्लाउजपीस घ्यायला म्हणून गेली होती, ती राइट टाउनला कानाच्या डॉक्टरकडे गेली होती. डाव्या कानाची नस गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला तिलाही स्टिरिओच बिघडला असं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. पुढचं वर्ष मात्र तिला सगळं माहीत होतं.

मी चिडलो. काळजीनं चिडलो, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी स्वतःच्या फजितीनं चिडलो होतो.

"काहून सांगितलं नाही मला? मी इथं वेड्यासारखा जमिनीवर लोळून राहिलो, दगड वाहून राहिलो!"

"त्याच दिवशी सांगणार होते. घरी आले तर तुम्ही दारात उभे, तो भेडाघाटचा दगड घेऊन. विचारलं, कसा वाटतो."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारणं बंद केलं असतं." ती अजिबात रागावली नव्हती, आणि तेच मला सहन होईना. "दिवसभरात तुम्ही मला तेवढंच विचारत होते. समोर उभं राहून. कसं वाटतं म्हणून."

मी पक्कड खाली ठेवली. मला लाज वाटली, इतकी की त्या दिवशी मी जेवलोही नाही.

आम्ही डॉक्टरकडे पुन्हा गेलो, या वेळी दोघं. डाव्या कानाचं आता फारसं काही होणार नाही. उजवाही थोडा कमी झाला आहे, त्याला मशीन दिलं आहे. ती ते लावते, कंटाळते, काढून ठेवते. पाटा मी स्वयंपाकघरात परत नेला. दोन रबरी पाय सुरीनं खरवडून निघाले, तिसरा काही केल्या निघत नाही. ती दुसऱ्या बाजूला फडकं दुमडून घालते आणि ठेचा वाटते. माझी खुर्ची आता तिच्या उजव्या हाताला आहे. तिथून स्टिरिओ नीट ऐकू येत नाही, एका स्पीकरसमोर कपाट येतं. येऊ दे.

काल चहा झाल्यावर आम्ही बसलो. रेकॉर्ड लावायला उठायचा मला कंटाळा आला होता, तसाच बसून राहिलो. मग तिच्याकडे वळलो.

"कसं वाटतं?"

"अजून काही लावलं कुठं तुम्ही?"

"नाही लावलं," मी म्हणालो.

तिनं हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"थोडं सांगू," ती म्हणाली, "की सगळं?"