तीन ओळी कमी पडत होत्या

या मजकुरात बेटाचं नाव नाही. ते कोणत्या समुद्रात आहे, तेही नाही. पूर्वी असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता.

नाशिकच्या एका दैनिकात मी सव्वीस वर्षं काम केलं. त्यातली शेवटची काही रविवारच्या पुरवणीत गेली. पर्यटनाच्या पानाचा एक नियम होता. लेख कसाही असो, खाली उजवीकडे ‘कसे जाल?’ ही चौकट हवीच. जवळचं स्टेशन, पुढचं वाहन, योग्य महिने, बारा ओळींत. लेख न वाचणारे वाचकही ती चौकट कापून ठेवत. हरसूलच्या बाजूचा एक धबधबा आम्ही छापला, तेव्हा पुढच्या रविवारी तिथे गाडी लावायला जागा उरली नाही. गावच्या सरपंचांचा तक्रारीचा फोन आला. आम्ही तो फोन कौतुकासारखा एकमेकांना सांगितला.

माझी मुलगी त्या बेटावर स्कूबा डायव्हिंग शिकवते आणि उरलेल्या वेळात शार्कच्या नोंदी ठेवते. तिला पोहायला मीच नाशिकच्या तरण तलावात घातलं होतं. माझ्या बावन्नाव्या वर्षी तिने मला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातही मी तोंडातली नळी काढून प्रश्न विचारत होते.

“आई, पत्रकार परिषद नाहीये ही,” ती म्हणाली. “खाली एकच नियम. श्वास रोखायचा नाही. बाकी प्रश्न वर आल्यावर.”

आठव्या दिवशी तिने मला तो कोपरा दाखवला. प्रवाळाच्या आत एक उथळ भाग होता, पाच-सहा मीटर खोल, तळाशी पांढरी वाळू. आम्ही वाळूवर गुडघे टेकून बसलो. मुलगी पाण्यात जाताना नेहमी एक प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल नेत असे. पाण्यात ती पाटीवरच बोलते. तिने लिहिलं, ‘हलू नकोस. बघू नकोस.’ न बघण्याचा अर्थ नंतर कळला. शार्ककडे टक लावून, तोंड करून बसलं की ती लांबूनच वळते. नजर बाजूला ठेवून सावकाश श्वास सोडत राहिलं, की पंधरा-वीस मिनिटांनी ती स्वतःहून जवळून जाते.

तसंच झालं. माणसाच्या लांबीची, राखाडी, पाठीवरच्या पंखाला काळं टोक. पोट फुगलेलं. तिने आमच्याभोवती अर्धं वर्तुळ घेतलं आणि गेली. मग दुसरी आली, अशा एकूण पाच आल्या. सगळ्या माद्या होत्या आणि सगळ्या गाभण. अंगावर चाव्यांचे जुने व्रण होते. नर मीलनाच्या वेळी मादीला दातांनी धरून ठेवतो, ते हे व्रण. पंखावरच्या काळ्या रंगाची कड प्रत्येकीची वेगळी असते, आणि त्या कडेवरून मुलगी त्यांना ओळखत होती. नावं तिने दिली नव्हती, फक्त क्रमांक. पंखाला मागच्या बाजूने खाच असलेली एक मादी सगळ्यांत जवळ आली. हात लांब केला असता तर लागला असता. तिचा डोळा माझ्यावरून फिरला आणि पुढे गेला. मुलीने पाटीवर लिहिलं, ‘तिसरी.’ मग खाली, घाईने, ‘तिला तू चाललीस.’

होडीत परत आल्यावर मी मास्क काढायचंच विसरले. मुलीने त्याचीही चेष्टा केली. मग टॉवेल खांद्यावर घेऊन ती समोर बसली.

“लिहिणार आहेस ना?”

“लिहावं असं आहे खरं.”

“लिही. बेटाचं नाव लिही, माझं काम लिही. हा कोपरा नको. त्या इथे पिल्लं घालायला येतात आई, परत परत याच जागी. दुसरीकडे जातील असं समजू नकोस.”

“नाही लिहिणार.”

“शब्द?”

“शब्द.”

लेख चांगला झाला. कोपऱ्याचा उल्लेख त्यात नव्हता. पान शुक्रवारी दुपारी लागलं. पान लावणारे सहकारी माझ्यापेक्षा वयाने लहान, पण चौकटींच्या बाबतीत कडक. त्यांनी मला हाक मारली.

“मॅडम, चौकट नऊच ओळींची आहे. खाली भोक पडतंय.”

“फोटो मोठा करा की.”

“फोटोला जागा कुठे? लेकीचं कौतुक तुम्हीच पूर्ण पानभर केलंय. तीन ओळी द्या, पान सोडायचंय.”

मनमाडहून कोणती गाडी सोयीची, पुढे जहाज कुठून, राहायची सोय काय, हे सगळं देऊन झालं होतं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून तीन ओळी तोंडी सांगितल्या. त्या इथे पुन्हा देत नाही. त्यांत धक्क्यापासूनची दिशा होती, होडीला लागणारा वेळ होता, महिने होते आणि भरतीची वेळ होती. कोपऱ्याला स्थानिक नाव आहे, ते मी दिलं नाही.

मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. होडीतलं बोलणं मला लख्ख आठवत होतं. नाव दिलं नाही म्हणजे शब्द पाळला, असं त्या मिनिटाला मला वाटलं. खरं तर तेवढाही विचार केला नसेल. पानात भोक होतं आणि ते बुजवायचं होतं.

रविवारी फोन आले. माझ्या भावाचा झेंडूचा मळा आहे, तो तिथूनच बोलत होता. “पोरगी माशांत पोहते अन् तू छापून आणते व्हय? लगीन कोण करंल तिच्याशी? पण लय भारी लिवलंय, खरं सांगतो.” मुलीला मी लेखाचा फोटो पाठवला, चौकट वगळून. चौकटीत काय, गाड्यांच्या वेळा, असं मी तिला सांगितलं.

पुढच्या हंगामात तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा होता. ती घटनाक्रम सांगत गेली आणि मी ऐकत गेले. आधी कोपऱ्यात एक-दोन होड्या येऊ लागल्या, मग रोज. शार्क लांब राहतात म्हणून कोणीतरी माशांचे तुकडे टाकायला सुरुवात केली. फोटो चांगले येऊ लागले. इंजिनाचा आवाज म्हणजे खाणं, हे त्या माद्या काही आठवड्यांत शिकल्या. ज्या वीस मिनिटं थांबल्याशिवाय जवळ येत नसत, त्या होडी दिसताच वर येऊ लागल्या. त्यानंतर गळ टाकणाऱ्यांना काही शोधावं लागलं नाही. त्यांनी फक्त इंजिन चालू ठेवलं.

“पाचांपैकी दोन मी स्वतः धक्क्यावर पाहिल्या,” ती म्हणाली. “पोटात पिल्लं होती. बाकीच्या दिसत नाहीत.”

“तिसरी?”

“दिसत नाही म्हटलं ना.”

तरी तिने फोन ठेवला नाही. मी ओळखलं की मुख्य गोष्ट अजून राहिली आहे. बातमी सांगायची ही पद्धत तिला माझ्याकडूनच आली असावी.

“परवा नाशिकचं एक कुटुंब आलं होतं. मराठी बोलते म्हणून खूश झाले. काकूंनी मोबाइल पुढे केला, ‘ताई, हेच का ते?’ म्हणून. चौकट होती आई. मी वाचली.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “बरं.” ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

पुरवणीत मी आणखी दीड वर्ष होते. ‘कसे जाल?’ बंद करावं असं एकदा बैठकीत सुचवलं. वाचकांना तेच हवं असतं, असं उत्तर मिळालं. ते खरं होतं, आणि ते मीच अनेकांना दिलेलं होतं.

मुलगी आजही दर रविवारी फोन करते. जेवण, तब्येत, मामाचा झेंडू, सगळं बोलते. हंगाम संपल्यावर घरी येते, चार दिवस राहते. ते बेट तिने सोडलं. आता कुठे असते, ते सांगत नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पाण्याजवळ.” दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. डायव्हिंगला ये, असं ती पुन्हा म्हणाली नाही. माझा मास्क कपाटात वरच्या खणात आहे.

गेल्या महिन्यात मी नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षात अडकले होते, तेव्हा तिचा फोन आला. रविवार नव्हता. हॉर्नच्या आवाजात पहिलं वाक्य नीट ऐकू आलं नाही. एक उथळ जागा सापडली आहे, एवढं कळलं. तिथे एक मोठी मादी तिच्या अगदी जवळून गेली होती. खूप दिवसांनी तिचा श्वास बोलताना चढलेला ऐकला.

“पंखाला खाच आहे?” मी विचारलं.

पलीकडे तिच्या मागे वारा ऐकू येत होता.

“ते नको आई,” ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. मग तिने विचारलं, घरी पोचायला किती वेळ लागेल. मी रिक्षा कुठे अडकली आहे ते सांगितलं, कोणत्या रस्त्याने वळणार तेही सांगितलं, आणि ती ऐकत राहिली.